म्हैस काळी, दूध पांढरं आणि मामाची जीभ

पत्र

सप्रेम नमस्कार,

कोल्हापुरात गेली ३४ वर्षं माझा फोटो स्टुडिओ आहे. पासपोर्ट, लग्नं, बारशी, शाळांचे ग्रुप फोटो, सगळं करतो. माझी भाची २३ वर्षांची आहे, पुण्यात नोकरी करते. सुट्टीला आली की कॅमेरा घेऊन गंगावेश, महाद्वार रोड, लक्ष्मीपुरी अशी भटकते आणि लोकांना न सांगता, न थांबवता फोटो काढते. सगळे ब्लॅक अँड व्हाइट. याला कॅन्डिड म्हणतात हे मला ठाऊक आहे, लग्नात आम्हीही काढतो. दिवाळीत तिने ४० प्रिंट आणल्या आणि म्हणाली, 'मामा, खरं खरं सांग.' मी खरं खरं सांगितलं. ही फ्रेम तिरकी आहे, याचे पाय कापलेत, हिच्या डोक्यातून मागचा पुतळा उगवलाय, हा हललाय, इथे ग्रेन, म्हणजे वाळूसारखे दाणे, फार आलाय. एकटी बाजारात फिरतेस हे आईला माहीत आहे का, हेही विचारलं. शेवटी चेष्टेत म्हणालो, 'म्हशी काळ्याच असतात गं, रंगीत काढल्या असत्यास तरी चाललं असतं.' तिने प्रिंट गोळा केल्या, पिशवीत घातल्या आणि फराळाला हात न लावता गेली. तेव्हापासून फोन येतो तो मामीला. मामी म्हणते, 'लई भारी म्हणायला तुमचं काय जात होतं?' पण नुसतं लई भारी म्हटलं तर पोरगी शिकणार कशी? आणि खरं सांगू, त्यातल्या काही फोटोंत काहीतरी आहे. ते काय आहे हे मला सांगता येईना म्हणून मी चुका सांगत बसलो. तीन फोटो माझ्या मोबाइलवर होते, ते पाठवतोय. मी कसं बोलायला हवं होतं?

— एक स्टुडिओवाला मामा, कोल्हापूर

उत्तर

मामा, नमस्कार.

आधी माझी एक तक्रार. हे तीन फोटो तुम्ही भाचीला विचारून पाठवलेले दिसत नाहीत. मी ते इथे छापत नाही, फक्त शब्दांत सांगतो. पत्र पाठवल्याचं मात्र तिला तुम्ही स्वतःहून सांगा. लोकांचे नकळत काढलेले फोटो कसे बघावेत यावर बोलायचं आणि तेच फोटो तिच्या नकळत फिरवायचे, हे बरं दिसत नाही.

तुमच्या पत्रातलं एक वाक्य मी दोनदा वाचलं. 'ते काय आहे हे मला सांगता येईना म्हणून मी चुका सांगत बसलो.' एका दैनिकाच्या छायाचित्र विभागात माझी २२ वर्षं गेली. हे वाक्य तिथे कुणाच्या तोंडून ऐकल्याचं आठवत नाही, माझ्याही नाही. चुकीला नाव असतं, ती पटकन जिभेवर येते. फोटोत जे धरलं गेलंय ते सांगायला बघत बसावं लागतं. मामींचं 'लई भारी' आणि तुमची यादी यांत मला एवढ्याचसाठी फारसा फरक दिसत नाही. दोन्ही फोटोवरून नजर पुढे सरकवत म्हणता येतात. फराळाचं ताट यायच्या आत ४० प्रिंट पाहून झाल्या असतील, तर एकेकीला अर्धं मिनिटही मिळालेलं नाही. तिने ते फोटो उभ्याने, उन्हात, लोकांच्या नजरा झेलत काढलेत.

त्यात तुमची पंचाईत वेगळीच आहे. तुमचा डोळा स्टुडिओत तयार झाला. पासपोर्टच्या साडेतीन बाय साडेचार सेंटिमीटरच्या चौकटीत चेहरा बसवायचा, कान दिसले पाहिजेत, चष्म्यावर फ्लॅश नको, मागे सावली नको. गिऱ्हाइकाची हनुवटी एक बोट खाली, खांदा जरा इकडे. ग्रुप फोटोत मागच्या रांगेतल्या पोराने डोळे मिटले की 'परत एकदा'. तुमच्या कामात चूक म्हणजे जी सुधारता येत होती आणि राहून गेली ती, म्हणून ती दाखवण्याला अर्थ असतो. गंगावेशीत परत एकदा नसतं. सेकंदाच्या २५०व्या हिश्शात जे झालं ते झालं. तिला 'याचे पाय कापलेत' असं सांगितल्यावर तिने काय करायचं? तो माणूस शोधून काढून पाय जोडून आणायचे?

रस्त्यावरच्या फोटोबद्दल बोलताना मी स्वतःला एक अट घालून घेतली आहे. जे बोलेन त्याचं पुढच्या खेपेला हातांनी, पायांनी किंवा प्रिंट काढताना काहीतरी करता आलं पाहिजे. येत नसेल तर गप्प बसायचं. 'पाय कापलेत' हेच 'अर्धं पाऊल मागे ये, नाहीतर सरळ आत घूस आणि कमरेपर्यंतच घे, हे मधलं घोट्यावर कापणं टाळ' असं सांगता येतं. 'हललाय' याऐवजी 'शटर किती ठेवलं होतंस? मुद्दाम?' असं विचारता येतं. मुद्दाम असेल तर बोलणं वेगळ्या वाटेने जातं. छायाचित्रकार रघु राय यांचा मुंबईच्या चर्चगेट स्टेशनचा १९९५ चा फोटो तुम्ही पाहिला असेल. शटर सावकाश, म्हणजे जास्त वेळ उघडं ठेवल्यामुळे सगळी गर्दी धुरासारखी वाहून गेली आहे आणि मधोमध पेपर वाचत स्थिर उभा असलेला माणूस तेवढा स्वच्छ आहे. तुमच्या स्टुडिओच्या नियमाने त्या फोटोत शेकडो माणसं हललेली आहेत.

आता तुम्ही पाठवलेले फोटो. प्रत्येकाबद्दल मी तिच्याशी कसा बोललो असतो तेच लिहितो.

पहिला गंगावेशीच्या दूध कट्ट्याचा, संध्याकाळचा. फ्रेमच्या मधोमध म्हशीचं पोट, जवळजवळ सगळं काळं. डावीकडे धार काढणाऱ्याचे फक्त गुडघे, हात आणि चरवी. उजवीकडे नऊ-दहा वर्षांचा पोरगा, हातात धारोष्ण दुधाचा ग्लास, वर बोटभर फेस. मागे स्कूटरवर कुणीतरी, त्याचा पाय कापलेला. फ्रेम डावीकडे कललेली. तुम्ही तिरकी म्हणालात ती हीच असणार.

मामा, त्या पोराचे डोळे बघा. तो ग्लासाकडे बघत नाही. म्हशीने शेपूट उडवलंय, त्याचा गोंडा पोराच्या गालापासून वीतभर लांब आहे. त्याने डोळे बारीक करून मान मागे घेतली आहे, पण ग्लास धरलेला हात तसूभरही हललेला नाही. फेस सांडू द्यायचा नाही! सगळा फोटो त्या हातात आहे. आणि फ्रेम तिरकी का झाली असेल? मला वाटतं, त्या शेपटापासून तीही वाचत होती. तिथे उभं राहून कॅमेरा सरळ धरायला म्हशीची परवानगी लागते.

तिच्याशी बोलताना मी एवढंच सांगण्यापासून सुरुवात केली असती. मत द्यायचंच नाही, जे दिसतंय ते मोठ्याने म्हणायचं. 'मला आधी फेस दिसला, मग पोराची मान, मग शेपूट. मग माझी नजर उजव्या कोपऱ्यातल्या त्या पांढऱ्या बादलीवर गेली आणि तिथेच अडकली.' यात टीका नाही. बघणाऱ्याचा डोळा कुठून कुठे फिरला त्याचा तो हिशेब आहे, आणि फोटो काढणाऱ्याला तो एरवी कधीच मिळत नाही, कारण स्वतःच्या फोटोत कुठे बघायचं हे त्याला आधीच माहीत असतं. बादलीचं तिला सांगायची गरजच पडणार नाही. तीच म्हणेल, 'अरे हो, ती बादली.'

मग तिला म्हणायचं, 'याच्या आधीच्या आणि नंतरच्या पाच-सहा फ्रेम दाखव.' ही सवय मला माझ्या पहिल्या वरिष्ठांनी लावली. कॉन्टॅक्ट शीटवर, म्हणजे अख्ख्या रिळाचे चिमुकले फोटो ओळीने छापलेल्या कागदावर, भिंग ठेवून ते एका फ्रेमभोवती लाल पेन्सिलने चौकोन काढायचे आणि उरलेल्या ३५ फ्रेमबद्दल चकार शब्द बोलायचे नाहीत. मला राग यायचा. एकदा विचारलंच. त्यांनी पेन्सिल चौकोनाच्या आधीच्या दोन फ्रेमवर टेकवली आणि म्हणाले, 'इथून तू सरकलास म्हणून हा मिळाला. आणि खालच्या ओळीत बघ, तिथे सहा फ्रेम एकाच जागी उभा आहेस.' माझे पाय त्यांना कागदावर दिसत होते. भाचीच्या कॅमेऱ्यातल्या मेमरी कार्डावरही तिचे पाय दिसतील. तिथे तुम्हाला सांगता येईल की पोराच्या उंचीला उकिडवी बसली असतीस तर बादली म्हशीच्या पोटामागे गेली असती. हे तिला पुढच्या शनिवारी करून बघता येतं.

त्याच खात्यात दुसरे एक होते. माझी एक प्रिंट त्यांनी सगळ्यांसमोर वर धरली आणि विचारलं, 'हा फोटो आहे की पंचनामा?' सगळे हसले, मीही हसलो. पुढचे कित्येक महिने मी माणसांच्या जवळ गेलो नाही, लांबचं जवळ आणणाऱ्या टेलिफोटो लेन्सने लांबूनच काढत राहिलो. तुमच्या म्हशीच्या चेष्टेबद्दल एवढंच सांगतो.

तरीपण त्या चेष्टेत एक खरा प्रश्न लपलेला होता: ब्लॅक अँड व्हाइट का? तो नीट विचारला असतात तर दिवाळीची संध्याकाळ वेगळी गेली असती. रंग काढून टाकला की एक फायदा होतो. महाद्वार रोडवरचे फ्लेक्स, निळी ताडपत्री, केशरी कॅरीबॅग, सगळ्यांचा आरडाओरडा थांबतो आणि माणसांचे हातवारे दिसायला लागतात. पण तोटाही तेवढाच. रंग ज्या गोष्टी एकमेकींपासून वेगळ्या ठेवत होता, त्या आता फक्त उजेडाने वेगळ्या ठेवाव्या लागतात. तांबडं लुगडं आणि हिरवी भाजी ब्लॅक अँड व्हाइटमध्ये एकाच करड्या रंगात जाऊन बसतात. जोतिबाच्या चैत्र यात्रेत उधळलेला गुलाल डोळ्यांना काय दिसतो आणि करड्या छटेत काय उरतो ते आठवा. धूळ उरते. तिथे मी तिला रंगीतच काढ म्हणेन. दूध कट्ट्यावर मात्र तिची निवड बरोबर आहे. काळी म्हैस, पांढरा फेस, मधला सगळा संधिप्रकाश. तिथे रंगाचं काम काय?

तिला तिथे अडचण येत असेल ती मीटरची. म्हशीने फ्रेम भरली की कॅमेऱ्याचं उजेड मोजणारं मीटर फसतं, कारण समोरचं सगळं मिळून मध्यम करडं आहे असं ते धरून चालतं. एवढा काळा ढीग बघून ते एक्स्पोजर वाढवतं. मग म्हैस राखाडी होते आणि फेस जळून कोरा पांढरा डाग. या फोटोत थोडं तसं झालंय, फेसाचे बुडबुडे दिसत नाहीत. आपल्या निगेटिव्हमध्ये जळलेल्या पांढऱ्यातून काहीतरी खेचून काढता यायचं, डिजिटलमध्ये गेलेलं पांढरं परत येत नाही. तेव्हा तिला सांगा, कट्ट्यावर पोचल्याबरोबर एक स्टॉप कमी कर, म्हणजे उजेड निम्मा घे, फेस सांभाळ, म्हैस नंतर उजळून वर काढू. ३४ वर्षं काळ्या कोटातले नवरे आणि पांढऱ्या शालूतल्या नवऱ्या एका फ्रेममध्ये बसवणाऱ्या माणसाने हे सांगितलं तर ती ऐकेल.

ग्रेनचं मात्र सोडून द्या. ४०० ची फिल्म १६०० ला पुश करून, म्हणजे कमी उजेडात काढून धुताना जास्त वेळ ठेवून, रात्रीच्या सभा काढणारे आपण. आपण कुणाच्या ग्रेनला नावं ठेवायची?

दुसरा फोटो महाद्वार रोडवरचा. चाळिशीची बाई थेट कॅमेऱ्याकडे बघतेय, कपाळाला आठ्या, हातात दोन पिशव्या. मागे साडीच्या दुकानाबाहेरचा पुतळा, तो तिच्या डोक्यातून उगवल्यासारखा दिसतो. तुम्ही बरोबर पकडलंत. पण पुतळ्याचा चेहरा बघितलात का? तो हसतोय. वैतागलेली बाई आणि तिच्याच डोक्यावर हसणारी, नेटकी नेसलेली प्लॅस्टिकची बाई! ज्याला तुम्ही चूक म्हणालात तिथेच हा फोटो होता, तो अर्धवट राहिला. दोघींचे चेहरे एकाच करड्या छटेचे झाल्यामुळे एकमेकींत मिसळले. रंगीत असता तर पुतळ्याच्या गुलाबी कातडीने तो वेगळा पडला असता. ब्लॅक अँड व्हाइटमध्ये वेगळं पाडायचं काम तिच्या पायांवर येतं. दोन पावलं डावीकडे, म्हणजे दोन डोकी दोन जागी.

पुतळा तिने बघूनच काढला की घरी आल्यावर दिसला, ते विचारा. दोन्ही उत्तरं चालतील. अपघाताने मिळालेलं पुढच्या वेळी ठरवून शोधता येतं, आणि त्या दुकानासमोर ती पुढच्या महिन्यात अर्धा तास उभी राहू शकते. पुतळा कुठे जात नाही.

हा फोटो तिचा लाडका असणार, असा माझा अंदाज आहे. त्या बाईने तिच्याकडे रोखून पाहिलं, बहुतेक दोन शब्द सुनावले, आणि तरीही हिने बटण दाबलं. ते धाडस तिला फोटोत दिसतं. आपल्याला दिसत नाही, आपल्यासमोर फक्त कागद आहे. हे सगळ्यांचंच होतं. न्यूयॉर्कच्या रस्त्यांवर वर्षानुवर्षं फोटो काढणारा गॅरी विनोग्रँड काढलेली रिळं धुवायला मुद्दाम पुष्कळ दिवस थांबायचा, काढतानाची मनःस्थिती विसरून परक्याच्या डोळ्यांनी बघता यावं म्हणून. १९८४ मध्ये तो वारला तेव्हा सुमारे २,५०० रिळं न धुतलेली सापडली. एवढं थांबायची गरज नाही, पण भाचीने काल काढलेले फोटो आज दाखवले तर तुम्ही म्हणा, 'ठेव कपाटात. संक्रांतीला बघू.' तिचे तिलाच अर्धे गळलेले दिसतील. तुम्हाला वाईट व्हायची वेळच येणार नाही.

तिसऱ्या फोटोपाशी मी अडखळलो. बंद दुकानाच्या पायरीवर झोपलेला म्हातारा, तळपाय कॅमेऱ्याकडे, वर शटरवर गादीची जाहिरात. फोकस चोख, फ्रेम सरळ, छटा सुरेख. तुमच्या यादीत या फोटोवर एकही शेरा नाही. मला तो आवडला नाही. गरीब माणूस आणि त्याच्या डोक्यावर श्रीमंतीची पाटी हा विनोद रस्त्यावरच्या फोटोंत इतका वापरून झालाय की तो काढताना डोळ्याला काही करावंच लागत नाही. त्या म्हाताऱ्याबद्दल फोटोतून आपल्याला काहीच कळत नाही. गादीच्या पाटीला तो फक्त तळटीप म्हणून झोपलाय.

हे तिला कसं सांगायचं? इथे मी निकाल दिला नसता, प्रश्न विचारला असता. 'तो जागा झाला असता तर हा फोटो त्याला दाखवला असतास का?' म्हैसवाल्याला आणि पोराला तिने बिनदिक्कत दाखवला असता. आठ्यांवाल्या बाईला जरा घाबरत दाखवला असता, कदाचित ती हसलीही असती. इथे उत्तर अडलं की तिचं तिला कळेल. रस्त्यावर फोटो काढायला सरसकट बंदी नाही, आणि मी तिला दर वेळी परवानगी माग असं सांगणार नाही. विचारलं की कॅन्डिड संपतं, माणूस लगेच केसांवरून हात फिरवतो. पण जो परत बघू शकत नाही, ओरडू शकत नाही, उठून जाऊ शकत नाही, त्याच्या बाबतीत काढणाऱ्यानेच दुप्पट विचार करावा, असं माझं मत आहे. तेही मत म्हणूनच सांगा. तिला ते न पटण्याचा हक्क आहे.

'आईला माहीत आहे का?' हा तुमचा प्रश्न मात्र फोटोवरचा अभिप्रायच नव्हता. काळजी असेल तर ती वेगळ्या दिवशी, वेगळ्या आवाजात. प्रिंट हातात असताना तो प्रश्न आला की तिला त्याचा अर्थ 'हे तुझं काम नाही' असा ऐकू जातो. केतकी शेठ आणि सूनी तारापोरवाला यांनी मुंबईच्या रस्त्यांवर वर्षानुवर्षं ब्लॅक अँड व्हाइट फोटो काढले. ते शोधून तुम्ही आधी बघा, मग तिच्यासोबत बघा. बाजारात कॅमेरा घेऊन फिरणाऱ्या बाईला लोक कुठपर्यंत येऊ देतात, कोणते दरवाजे तिला उघडतात आणि तुम्हाआम्हाला उघडत नाहीत, हे तिच्याकडून ऐकण्यासारखं असेल.

कातरण्याबद्दलही तुमचं तिचं कधीतरी वाजणार, म्हणून आत्ताच सांगतो. इंटरनेटवर शिकलेली ही पोरं क्रॉप करणं पाप समजतात. त्यांचं दैवत फ्रेंच छायाचित्रकार आंरी कार्तिए-ब्रेसाँ. त्याला आपले फोटो कातरलेले खपत नसत हे खरं. पण पॅरिसच्या साँ-लाझार स्टेशनमागचा, डबक्यावरून उडी मारणाऱ्या माणसाचा १९३२ चा त्याचा फोटो कुंपणाच्या फटीतून काढलेला आहे आणि प्रिंटमध्ये कडा कापून टाकलेल्या आहेत. उडी मारणारा माणूसही धूसरच आहे. तेव्हा बादली कापायची का, यावर दोघांनी मोकळेपणाने भांडा. मी कापणार नाही, कारण बादलीबरोबर पोराचा कोपर जातो. मी ती अंधारात ढकलेन.

इथे तुमची खरी पाळी येते. डोळा आणि धाडस तिचं तिच्याकडे आहे, त्यात तुम्हाला फार काही घालता येणार नाही. प्रिंटमध्ये मात्र तुम्ही तिच्या कितीतरी पुढे आहात. तुम्ही सुरुवात केलीत तेव्हा लाल दिव्याखाली ट्रेमध्ये कागद हलवत होतात, बोटांना हायपोचा, त्या प्रिंट पक्की करणाऱ्या रसायनाचा, वास असायचा. कुठला कोपरा किती सेकंद जास्त उजेड देऊन जाळायचा, म्हणजे गडद करायचा, चेहऱ्यावरचा उजेड किती अडवायचा, हे तुमच्या हातांत आहे. ती संगणकावर स्लायडर सरकवते तेव्हा सगळा फोटो एकदम उजळतो किंवा एकदम काळा होतो. म्हशीच्या पाठीवरची ती एक ओली चकाकी वर काढून पोट तसंच काळं ठेवणं तिला येत नसेल. प्रिंट बघून मला तरी तसं वाटलं.

तेव्हा आता काय करायचं? गुलाबाचं फूल आणि 'सॉरी बेटा' व्हॉट्सॲपवर पाठवू नका. 'सगळे फोटो छान होते' असंही नको. ते खोटं आहे हे तिला लगेच कळेल, कारण तुम्ही तिचे मामा आहात आणि तिने तुम्हाला लहानपणापासून ओळखलंय. फोन करा आणि एकाच फोटोबद्दल बोला. 'तो शेपटाचा फोटो डोक्यातून जात नाही. पोराने फेस सांडू दिला नाही ते मी त्या दिवशी बघितलंच नव्हतं. येशील तेव्हा फाइल आण, आपण दोघं मिळून मोठी प्रिंट काढू.' मग थांबा. म्हशीच्या चेष्टेबद्दल चुकलं म्हणायचं असेल तर एका वाक्यात म्हणा, समजावत बसू नका. बाकीचे ३९ फोटो तिने स्वतः पिशवीतून बाहेर काढले तर बघायचे, नाही काढले तर विचारायचे नाहीत.

आली की तिला पाच निवडायला सांगा, तुम्ही पाच निवडा, एकमेकांना न दाखवता. मग जमिनीवर मांडा. जे दोघांच्या निवडीत आहेत त्यांवर वेळ घालवू नका, जिथे फाटे फुटतात तिथे बसा. आणि आधी विचारून घ्या, 'आज निवडीबद्दल बोलू, प्रिंटबद्दल की पुढच्या वेळी कुठे उभं राहायचं त्याबद्दल?' तिन्ही एका बैठकीत उरकायला गेलात की पुन्हा यादी होईल. ४० मधून तीन-चार टिकले तर ते पुष्कळ आहेत, हेही तिला कुणीतरी सांगायला हवं. मला ३६ च्या रिळात एक मिळाला की त्या दिवशी मी रिक्षाने घरी जायचो.

कट्ट्यावरच्या फोटोची एक ५ बाय ७ ची प्रिंट त्या म्हैसवाल्यासाठी काढा आणि तिलाच नेऊन देऊ द्या. पुढच्या वेळी तिला म्हशीच्या किती जवळ जाता येतं ते बघा.

आणि एक काम आजच करा. डार्करूमची खोली तुम्ही आता सामान ठेवायला वापरत असाल. तिथे कुठेतरी खिळ्याला तारेच्या टोकावर पुठ्ठ्याची चकती लावलेली ती काडी अजून लटकत असेल, निगेटिव्ह मोठी करून कागदावर पाडणाऱ्या एन्लार्जरच्या उजेडात चेहऱ्यावर धरून हलवत ठेवायचो ती. भाचीच्या फोटोशॉपमध्ये काडीवरच्या काळ्या गोळीचं जे चिन्ह असतं, ते म्हणजे हीच काडी, आणि शेजारी मुडपलेल्या हाताचं चिन्ह आहे तो आपला उजेड गाळणारा हात. हे तिला माहीत असण्याची शक्यता कमी आहे. काडी पुसून ठेवा. ती आली की संगणक सुरू करायच्या आधी तिच्या हातात द्या.